डिझेल इंजिन की सौर पंप? तेलावरचे हल्लेही हिशेबात धरा

जालना-बीड पट्ट्यात ज्यांच्या विहिरीपर्यंत विजेचे खांब अजून आलेले नाहीत, त्यांच्यापुढे सध्या हाच सवाल आहे : डिझेल इंजिनावर भागवायचं, की सौर पंपासाठी अर्ज भरायचा? बहुतेक जण फक्त खर्च बघतात. पण आपलं डिझेल कुठून येतं आणि ते वाटेत कुठे अडू शकतं, हेही बघायलाच हवं. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं.

१४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियात अबकैक आणि खुरैस इथल्या तेल केंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. जबाबदारी येमेनच्या हुथी बंडखोरांनी घेतली. सौदी आणि अमेरिकेने इराणकडे बोट दाखवलं. कच्च्या तेलातला विषारी वायू काढून ते जहाजात भरण्याजोगं करण्याचं काम अबकैकला होतं, आणि एवढं मोठं केंद्र जगात दुसरं नाही. त्यामुळे एका पहाटेत रोजचं ५७ लाख बॅरल उत्पादन बंद पडलं. सौदीचं निम्मं, जगाच्या पुरवठ्याचं ५ टक्के! सोमवारी बाजार उघडला तेव्हा ब्रेंट तेलाचा भाव, म्हणजे जगात कच्च्या तेलासाठी प्रमाण मानला जाणारा दर, जवळपास २० टक्क्यांनी उसळला. याच अबकैकवर फेब्रुवारी २००६ मध्ये अल-कायदाने स्फोटकांनी भरलेल्या गाड्या घालायचा प्रयत्न केला होता, तो पहारेकऱ्यांनी हाणून पाडला.

पुढचंही सांगायला हवं. सौदीने साठ्यातला माल काढून गिऱ्हाइकांना तेल दिलं आणि काही आठवड्यांत उत्पादन सावरलं. आपल्या पंपावरचा दरही लगेच उडी मारतोच असं नाही. एप्रिल २०२२ नंतर जवळपास दोन वर्षं, करकपात सोडली तर, डिझेलचा दर जागचा हलला नाही. शिवाय विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे ५३.३ लाख टन कच्चं तेल जमिनीखाली साठवायची सोय आहे. तेव्हा एखाद्या हल्ल्याची बातमी ऐकून कुणी इंजिन विकायला काढू नये.

मला जास्त काळजी वाटते ती जवळच्या अडथळ्याची. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांचा संप झाला, मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोतून गाड्या निघेनात, आणि छत्रपती संभाजीनगरात पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. त्या दिवसांत रब्बीचा हरभरा पाण्यावर आलेला असतो. आखातात खरंच मोठा घोळ झाला, होर्मुझची सामुद्रधुनी अडली, तर अशा रांगा दोन दिवसांत उठणार नाहीत. जगातल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच चिंचोळ्या वाटेने जातो.

आता इंजिनाचं. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं; सहा तास चालवलं तर सहा लिटर, त्याला आजच्या दराने गुणा. पण माझा मोठा आक्षेप खर्चावर नाही. इंजिनाचा पंप सात-आठ मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की इंजिन दोर लावून विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात आणि तिथेच चालू करतात. धूर विहिरीतच कोंडतो. नळी नीट करायला खाली उतरलेला माणूस गुदमरतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. अशा घटना आपल्याकडे झालेल्या आहेत. चालत्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाच्या विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर ७.५ एचपी. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा. बोअर असेल तर पाणबुडी मोटर मिळते, म्हणजे ओढण्याच्या खोलीची ती अडचण संपते. उणीव आहे ती आभाळाची. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा ढग असतात पण पाऊस नसतो; नेमकी तेव्हाच कपाशी-सोयाबीनला पाण्याची गरज आणि तेव्हाच पंप मंद चालतो. रात्रीही पाणी नाही.

विहिरीला पाणी जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकत असेल, किंवा शेत बटाईचं असून तुकडे लांब-लांब असतील, तर इंजिन पुरे. ते बैलगाडीत घालून कुठेही नेता येतं. मोसंबी असेल, बोअर असेल, मे महिन्यापर्यंत पाणी राहत असेल, तर माझं मत ठाम आहे : सौरसाठी अर्ज भरा. जुनं इंजिन मात्र विकू नका, श्रावणातल्या ढगाळ दिवसांसाठी लागेल. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र तर डिझेलवरच राहणार, त्यामुळे पंपावरच्या रांगेतून पूर्ण सुटका नाही. पण झाडांचं पाणी तरी त्या रांगेवर अवलंबून राहणार नाही. अर्जाआधी मे महिन्यातली पाण्याची पातळी दोर सोडून मोजा आणि सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला तोच आकडा सांगा, कारण मोटर किती खोलीची बसवायची ते त्यावरच ठरतं.