नेरूळची सामुदायिक बाग: भाजी महाग पडली, पण वाटा सोडणार नाही

मागच्या जूनपासून नेरूळमधल्या एका सामुदायिक बागेची मेंबर आहे, जानेवारीअखेर आठ महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते आणि ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर एक. आत्ता साडेतीन देते.

आधी प्रकार काय आहे ते सांगते, कारण मला स्वतःलाच तो नीट माहीत नव्हता. मला वाटलेलं आपल्याला आपला एक वाफा मिळेल, त्यात आपण आपलं मेथी कोथिंबीर लावायची आणि घरी न्यायची. तसं नाहीये. चौदा वाफे आहेत, एकोणीस घरं आहेत आणि सगळं सगळ्यांचं. महिना ५०० रुपये आणि रविवारी सकाळी सात ते नऊ काम, जे निघेल ते वाटून घ्यायचं. ज्यांना "माझं झाड" करायचंय त्यांनी बाल्कनीत कुंडी ठेवावी, इथे चिडचिड होईल. मलाही झाली. मी लावलेल्या दोडक्याच्या वेलाचा पहिला दोडका दुसऱ्याच कुणाच्या चटणीत गेला आणि त्या बाईंनी वर ग्रुपवर फोटो टाकला.

जागा म्हणजे भराव. वर सहा इंच लाल माती, खाली मुरूम, डेब्रिज, मधेच टाइलचे तुकडे, एकदा तर अख्खा नळ निघाला. खाडी जवळ म्हणून जमीन खारट, त्यामुळे थेट जमिनीत काही लावतच नाहीत, विटा रचून दीड फूट उंच वाफे केलेत आणि त्यात सुका पालापाचोळा, शेणखत, थोडी माती. सुरुवातीला असं नव्हतं म्हणे, सरळ जमिनीतच लावायचे आणि टोमॅटोची पानं कडेने करपायची. मग करावे गावातल्या एका काकांनी येऊन बघितलं आणि माती तोंडात घालून थुंकली, संपला रिपोर्ट. नंतर रीतसर माती तपासून घेतली त्यातही तेच आलं.

हे काका म्हणजे या बागेतला सगळ्यात मोठा फायदा. आगरी आहेत, सत्तरीच्या पुढचे. सिडको यायच्या आधी आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांच्या चुलत्यांची भातशेती होती आणि खाडीच्या अंगाला मिठागरं, हे ते आपण पार्किंग कुठंय सांगतो तितक्या सहज सांगतात. आपण ऐकताना जरा इकडेतिकडे बघतो. ते फी भरत नाहीत, कुणी मागायची हिंमतही केलेली नाही.

कामाचं बोलायचं तर शनिवार-रविवारची पिकनिक समजून येऊ नका. पहिल्या रविवारी माझ्या वाट्याला जीवामृत आलं, म्हणजे झाडांना घालायचं शेण-गोमूत्राचं पातळ खत. नेहमीच्या हिशोबात २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, तेवढंच किंवा थोडं कमी गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती, आम्ही पाव प्रमाणात करतो, म्हणजे ५० लिटरच्या ड्रममध्ये अडीच किलो शेण. ते काठीने ढवळायचं, सावलीत दोन दिवस ठेवायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. वास? पहिल्या दिवशी नाकाला रुमाल, तिसऱ्या रविवारी त्याच हाताने चहा. समोरच्या सोसायटीने मात्र तक्रार केली, ती खरं तर कंपोस्टच्या खड्ड्याची होती, कारण कुणीतरी त्यात नुसतीच ओली सालं ओतून वर सुका पाला टाकलाच नव्हता. ओल्याच्या दुप्पट सुकं, एवढं एक वाक्य गेटवर लिहून ठेवायला काय होतं यांना?

पावसाळ्यात गोगलगायी. मोठ्या, मुठीएवढ्या, आफ्रिकन जातीच्या त्या. एका रात्रीत लाल माठाचा अख्खा वाफा साफ. लोक मिठाचे पुडे घेऊन आले तर काका ओरडलेच, "मीठ कशाला टाकता, हितं आधीच खारं हाय." मग रात्री नऊला टॉर्च घेऊन, हातात ग्लोव्हज घालून वेचायच्या, दुसरा उपाय नाही. ओलं गोणपाट टाकून ठेवलं की त्याखाली गोळा होतात, सकाळी उचलायच्या. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात मेंदूला त्रास देणारे जंत असू शकतात. आमची शाळकरी गँग या कामाला सगळ्यात पुढे, मोठी माणसं "आज जरा बरं नाही" म्हणायची.

आता तक्रार. बाग "पूर्ण नैसर्गिक" म्हणून सांगतात आणि जुलैत बियांचं पाकीट फोडलं तर भेंडीचं बी गुलाबी. गुलाबी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. मी विचारलं तर उत्तर आलं की नर्सरीत हेच मिळतं. मिळत असेल, मग नैसर्गिक म्हणू नका ना, सरळ सांगा की फवारणी करत नाही पण बी विकतचं आहे, कुणी काही म्हणणार नाही. सप्टेंबरनंतर काकांनी घरचं बी आणलं, वाल, चवळी, दुधी, तेव्हा जरा सुधारलं, पण बोर्ड अजून तोच आहे.

आणि वाटणी. यावर खरं तर वेगळंच लिहायला हवं.

माझ्या वेळी पहिली पद्धत होती समान वजन. स्वयंपाकघरातला काटा आणायचे, दोन किलो भेंडी भागिले एकोणीस. शंभर ग्रॅम भेंडी. तिचं काय करायचं, चार माणसांचं घर आहे माझं, सासूबाईंनी ती पिशवी बघितली आणि "सँपल आणलंस का" एवढंच विचारलं. दुसरी पद्धत एक्सेलवाली, जितके तास तितके पॉइंट. ती तीन आठवडे चालली. नवऱ्याने केलेला तास बायकोच्या नावावर धरायचा का, रात्रीची गोगलगाय डबल धरायची का, फोनवर बोलत बोलत पाणी घातलं तर अर्धा धरायचा का, ग्रुपवर दोनशे मेसेज. एकजण सोडून गेले. हाच तो ऑगस्ट.

मग काकांनी गोणपाट अंथरलं आणि मासळीबाजारात कोळणी लावतात तसे वाटे लावले. जितकी माणसं हजर तितके वाटे. प्रत्येकात सगळं नाही, एकात भेंडीच भेंडी, एकात दोन दोडके नि माठाची जुडी, एकात दुधी नुसता, पण नजरेने सारखे. एका माणसाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "यो कोनाचा?" पाठ केलेला जे नाव घेईल त्याचा तो वाटा. अपील नाही. पहिला वाटा वॉचमनदादांचा, कारण आठवडाभर पाणी तेच घालतात. गैरहजर माणसाला काही नाही, मग तो पाचशे भरो की पाच हजार.

इतकं साधं आहे आणि भांडण जवळजवळ संपलं. आता वाटे उचलल्यावर गेटपाशी अदलाबदल चालते, "दुधी घे, भेंडी दे", त्यात मला आतापर्यंत तीन घरांच्या स्वयंपाकाची पद्धत कळलीये. अंबाडी मी जन्मात आणली नव्हती, नाइलाजाने घरी आली, शेजारच्या बिल्डिंगमधल्या सोलापूरच्या ताईंनी कण्या घालून कशी करायची ते सांगितलं, आता आम्ही मागून घेतो.

फक्त रविवारीच तोडणी हा मात्र मूर्खपणा होता. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, आठवडा ठेवली की जून, सुरी चालत नाही. ऑक्टोबरपासून बुधवारीही तोडतात, जो हजर तो नेतो आणि ग्रुपवर सांगतो.

जानेवारीत पोपटी केली. नोव्हेंबरात लावलेल्या वालाच्या शेंगा भरल्या होत्या, काकांनी मडकं आणलं, भांबुर्ड्याचा पाला, जाडं मीठ, ओवा, शेंगा, बटाटे, अंडी, तोंडाला परत पाला कोंबून मडकं उलटं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. अर्धा तास कुणी मोबाईल काढला नाही, म्हणजे काढला, पण फोटोसाठीच. त्या दिवशी वाटे वगैरे काही नाही, गोणपाटावर ओतलं आणि सगळे तुटून पडले.

पैशाचं सांगते, कारण मी लिहून ठेवलंय. आठ महिन्यांचे ४,००० रुपये, घरी आलेली भाजी सगळी मिळून ३१ किलो. किलोला साधारण १२९ रुपये पडले. स्टेशनबाहेर भेंडी ८० ला घेतेय मी. तेव्हा स्वस्त भाजीसाठी येणार असाल तर येऊ नका, तुर्भ्याचं मार्केट जवळ आहे.

टॉयलेट नाही, डास भरपूर, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. पिशवी आपली आपण आणायची. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, ते साडेआठला येतात, काम करताना मी त्यांना एकदाच पाहिलंय आणि पिशवी मात्र महिन्याचं वाणसामान मावेल एवढी. मागच्या रविवारी पाठ करून उभं राहायची पाळी माझी होती. आमच्या उकाड्यात कोबी नीट धरतच नाही, यंदा एकच गड्डा धड बसलेला, सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. काकांनी विचारलं, "यो कोनाचा?" आणि माझ्या तोंडून नेमकं त्या गृहस्थांचंच नाव गेलं. त्यांनी तो उचलून पिशवीत टाकला, आणि पिशवी तरीही रिकामीच दिसत होती.