घरून बारावी कला: एनआयओएस की सतरा नंबरचा फॉर्म, आणि पुढे विद्यापीठ कोणते?

दहावीनंतर रोज कॉलेजला जाणे जमत नाही, पण इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य यांतच पुढे शिकायचे आहे, अशा मुलांसमोर महाराष्ट्रात दोन सरळ वाटा आहेत. एक म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. दुसरी म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसणे. दोन्हींची बारावी मान्य आहे, त्यामुळे ‘चालते का’ या प्रश्नावर वेळ घालवू नका. खरा प्रश्न असा की पदवी कुठे करायची आहे आणि कोणत्या भाषेत. बहुतेक घरांत आधी मंडळ ठरते आणि पदवीचा विचार निकालानंतर होतो. क्रम उलटा ठेवला तर निम्म्या अडचणी आपोआप टळतात.

भाषा आणि विषय

मराठी माध्यमातून लिहिण्याची सवय असेल तर सतरा नंबर सोयीचा. पाठ्यपुस्तके मराठीत, मार्गदर्शके मराठीत आणि उत्तरपत्रिकाही मराठीत. एनआयओएसचे बारावीचे साहित्य मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत आहे. मराठीतून दहावी झालेल्या मुलाला इतिहासाची लांब उत्तरे एकदम इंग्रजीत लिहायला लावणे ही मोठी उडी आहे. पहिले सहा महिने भाषेशीच झगडण्यात जातात, विषय मागे राहतो.

विषय निवडण्यात मात्र एनआयओएस बरीच मोकळी आहे. तिथे शाखा हा प्रकारच नाही. किमान पाच विषय हवेत आणि त्यांत निदान एक भाषा हवी. हवे तर आणखी दोन विषय जोडता येतात. इतिहासाबरोबर गणित किंवा समाजशास्त्राबरोबर चित्रकला घेतली तरी कोणी अडवत नाही. ही मोकळीक नुसती हौसेची नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, गणित लागते. ते दार उघडे ठेवायचे असेल तर बारावीतच गणित असलेले बरे. सतरा नंबरवर विषय नियमांत असले तरी तुमचे संपर्क केंद्र असलेले कनिष्ठ महाविद्यालय जे विषय चालवते, तेच हाताशी येतात.

घरचा अभ्यास आणि अंतर्गत गुण

राज्य मंडळात कला शाखेच्या बहुतेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० तोंडी, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिकाचे असतात. खाजगी विद्यार्थ्यालाही ते २० गुण केंद्रावर जाऊनच मिळवावे लागतात. तारीख कळवायला कोणी घरी येत नाही. जानेवारीपासून आठवड्यातून एकदा केंद्रावर चौकशी करायची. तोंडी परीक्षा हुकली तर लेखी परीक्षा चांगली जाऊनही निकाल बिघडतो.

एनआयओएसमध्ये त्या जागी टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायच्या गृहपाठाची वही असते. सिद्धांत (थिअरी) भागाच्या गुणांत तिचा वाटा २० टक्के. तिची मांडणी ठरलेली आहे: दोन गुणांचे तीन प्रश्न, प्रत्येकी ४० ते ६० शब्द, चार गुणांचे दोन, प्रत्येकी १०० ते १५० शब्द, आणि सहा गुणांचा एक प्रकल्प, साधारण ५०० शब्दांचा. गुण जातात ते प्रकल्पात. मुले दोन गुणांच्या प्रश्नाला पानभर उत्तर लिहितात आणि प्रकल्पावर येईपर्यंत दमतात, मग तो कुठून तरी उतरवून काढतात. आधी प्रकल्प लिहा. वस्तीतल्या पाणीपुरवठ्याविषयी दहा घरांशी बोलून काढलेला तक्ता आणि त्यावर दोन परिच्छेद इंटरनेटवरच्या चार पानांपेक्षा जास्त वजनदार ठरतात. अभ्यासक्रमाचे सुमारे ४० टक्के धडे फक्त टीएमएसाठी आणि उरलेले सार्वजनिक परीक्षेसाठी असतात. ही यादी संकेतस्थळावर असते, ती पहिल्याच दिवशी छापून घ्या.

उत्तीर्ण होण्यासाठी राज्य मंडळात ३५ टक्के लागतात, एनआयओएसमध्ये ३३. तिथे प्रवेश पाच वर्षे चालतो आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत जाता येते. आजारपण, खेळ किंवा घरची जबाबदारी असलेल्या मुलाला हा मोठा आधार आहे. शिस्त लावणारे कोणी नसलेल्या मुलाला मात्र हीच सवलत तीन-तीन वर्षे रेंगाळत ठेवते.

घरी शिकणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान दोन्हीकडे एकाच ठिकाणी होते. अभ्यास पडद्यावर आणि परीक्षा पेनाने. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर अकरावी-बारावीचे मोफत अभ्यासक्रम आहेत, ते चांगलेही आहेत. पण व्हिडिओ पाहून समजणे वेगळे आणि १८५७ची कारणे सलग मांडणे वेगळे. आठवड्याला निदान तीन दीर्घ उत्तरे घड्याळ लावून हाताने लिहा आणि विषय जाणणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या. ‘कारणे लिहा’ आणि ‘चर्चा करा’ या दोन्हींना तेच उत्तर लिहिण्याची चूक दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कळत नाही.

वेळापत्रक

राज्य मंडळाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि सीयूईटी साधारण मे महिन्यात. मध्ये तयारीला वेळ मिळतो. सतरा नंबरचा फॉर्म मात्र आदल्या वर्षी पावसाळ्यातच भरावा लागतो. डिसेंबरात आठवण आली तर वर्ष गेले.

एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. सीयूईटी द्यायची असेल तर आदल्या वर्षीची ऑक्टोबरची परीक्षा धरा. एप्रिल-मेची परीक्षा सीयूईटीच्या अगदी अंगावर येते आणि निकालालाही उशीर होऊ शकतो. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचे अंतर दोन्हीकडे लागते. एनआयओएसमध्ये एका वर्षानंतर फार तर चार विषय देता येतात, पाचवा दोन वर्षे पुरी झाल्यावर. ‘एका वर्षात बारावी’ म्हणून पैसे घेणारे क्लास हे सांगत नाहीत.

पुढचे दार

केंद्रीय विद्यापीठात जायचे तर सीयूईटी. २०२५पासून जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे सोडवायचे. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा. भाषांमध्ये मराठीही आहे. सीयूईटीत मंडळाचा फरक पडत नाही, पण विषयांची कोणती जोडी लागते हे प्रत्येक विद्यापीठ वेगळे ठरवते.

राज्यातल्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेज हवे असेल तर राज्य मंडळवाल्याचे काम सोपे. एनआयओएसवाल्याला ‘दुसऱ्या मंडळाचा विद्यार्थी’ म्हणून पात्रता प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते. अडचण मोठी नाही, पण कागद प्रवेशाच्या आठवड्यात शोधत बसू नका.

पदवीही घरूनच करायची तर मराठीतून शिकायला नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि हिंदी-इंग्रजी चालत असेल तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. इग्नूत ३० टक्के गुण स्वाध्यायांचे आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेचे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. मराठी साहित्य किंवा स्पर्धा परीक्षेचा मराठी पेपर डोळ्यासमोर असेल तर आमचा कल नाशिककडे. राज्याबाहेर एमए करायचे असेल तर इग्नू. मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदवी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असते.

एक विषय मात्र या वाटेवर आता बंद आहे: मानसशास्त्र. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून मुक्त आणि ऑनलाइन पद्धतीने त्याचे नवे प्रवेश युजीसीने थांबवले. बारावीत मानसशास्त्र घेऊन त्यातच पदवी करायची असेल तर कॉलेजात बसावेच लागेल. कायद्याची पदवीही ऑनलाइन मिळत नाही.

बारावी टाळून थेट पदवीचा पूर्वतयारी अभ्यासक्रम कोणी सुचवला तर आमचे स्पष्ट मत ‘नको’ असे आहे. पुढे एमए किंवा नोकरीच्या कागदपत्र तपासणीत ‘बारावीची गुणपत्रिका’ हा रकाना रिकामा राहतो.

अर्ज भरताना नावाकडे लक्ष द्या. मुक्त किंवा ऑनलाइन पदवीला आता डीईबी आयडी, म्हणजे युजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो, आणि तो शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारे ऑनलाइन खाते) खात्यावरून निघतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये आहे, आधारवर नाही, आडनाव एकीकडे आधी तर दुसरीकडे शेवटी आहे, एवढ्यावरून अर्ज अडकतो. आधारची दुरुस्ती बारावीच्या वर्षातच करून घ्या, कारण प्रवेशाच्या दिवसांत तेवढा वेळ हातात नसतो.