नारळाच्या साखरेचं ‘व्हेगन’ चॉकलेट: पैसे देण्याआधी पाकीट उलटून बघा

नागपुरात प्रदर्शनांच्या स्टॉलवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर असा माल खपवला जातोय. ८० ग्रॅमची वडी, ३५० रुपये, पाकिटावर ‘७०% डार्क, व्हेगन, नारळाची साखर, शुगर फ्री’. व्हेगन म्हणजे दुधासकट कुठलाच प्राणिज पदार्थ नसलेलं. आत असते बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी कंपाऊंडची (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटची) लादी, वितळवून नव्या साच्यात ओतलेली.

असल्या एका पाकिटावर १०० ग्रॅममागे साखर ४६ ग्रॅम छापली होती. कोको खरंच ७० टक्के असेल, तर साखरेला उरतात जास्तीत जास्त ३० ग्रॅम. ७० आणि ४६ झाले ११६, म्हणजे छापणाऱ्याने बेरीजसुद्धा केली नव्हती. घटकांवर वेगळं स्टिकर चिकटवलेलं. नखाने कोपरा उचलला तर खाली मूळ यादी: साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर, मिल्क सॉलिड्स. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे ७० टक्क्यांच्या डार्कमध्ये साखर सहसा पहिली येत नाही. तिथे कोको मास (दळलेल्या कोको बियांचा लगदा) हवा आणि फॅट म्हणून कोको बटर, म्हणजे त्याच बियांची चरबी.

हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, तो शाकाहारी मालाचा आहे आणि त्यात दूध चालतं. व्हेगनचं सरकारी चिन्ह वेगळं आहे, हिरवं, व्ही अक्षराचं. ‘दुधाचा अंश असू शकतो’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र ती लबाडी नव्हे. त्याच मशीनवर दुधाचं चॉकलेटही बनतं, इतकाच अर्थ. ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं.

कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळीही पारा त्याच्या वर असतो, तरी स्टॉलवर उघडी वडी ताठ उभी! विचारलं की उत्तर तयार: ‘नारळाच्या साखरेमुळे वितळत नाही.’ निव्वळ थाप. तो कडकपणा हायड्रोजनेटेड तेलाचा. तुकडा खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. उलट, वितळून पुन्हा गोठलेल्या अस्सल वडीवर पांढुरके डाग येतात. ते वर आलेलं कोको बटर, बुरशी नाही. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

सगळ्यात वाईट थाप म्हणजे ‘डायबेटिसवाल्यांना चालतं’. ही साखर माडाची नीरा आटवून करतात आणि तिच्यात मुख्यतः सुक्रोजच असतं. कॅलरी साध्या साखरेइतक्याच. म्हणजे नारळाची साखर अस्सल असली तरी ‘शुगर फ्री’ खोटंच. तिला खोबऱ्याची चवही नसते, गुळाच्या जवळ जाणारी असते. वडीला खोबऱ्याचा वास येत असेल तर तो इसेन्सचा किंवा तेलाचा, साखरेचा नाही.

पाकिटावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा. तो दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला तर माल तिथेच ठेवा. आधीच घेतला असेल तर बिल, यूपीआयची पावती, स्टिकरसकट पाकीट आणि एक न उघडलेली वडी जपून ठेवा, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा एफडीएच्या (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) ऑफिसात तक्रार द्या. स्वतः फी भरून फूड ॲनालिस्टकडून तपासून घ्यायचं असेल तर तसं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. हे ऐकल्यावर बरेच विक्रेते वडी परत घेऊन पैसे देतात.