हलाल की शाकाहारी: पंगतीचा बेत ठरवताना

नाशिकमध्ये घरच्या कार्याला मुस्लिम स्नेही येणार असताना हलाल मटण करावे की सरळ शाकाहारी बेत ठेवावा, असा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला.

शाकाहारात मुख्यतः पाहायचे ते हे, की पदार्थासाठी प्राण्याचा जीव गेला आहे का. दूध चालते, अंडे मात्र बहुतेक शाकाहारी घरांत चालत नाही. हलालमध्ये मांस वर्ज्य नाही, पण डुक्कर, रक्त आणि मेलेले जनावर निषिद्ध असून बकरा वा कोंबडी अल्लाहचे नाव घेऊन, गळा चिरून, रक्त वाहू देऊन कापलेली असावी लागते. मासळीला ही अट नाही.

खरी गफलत मद्यात होते, कारण हलालमध्ये मद्यही निषिद्ध आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका मांस नसल्याचे सांगतो, मद्य नसल्याचे नव्हे. त्यामुळे आपल्या नाशिकचीच वाइन घालून शिजवलेला पनीरचा रस्सा शाकाहारी असूनही हलाल ठरत नाही. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे उलटे आहे: रीतसर कापलेल्या जनावराचे असेल तर ते हलाल, शाकाहारी मात्र कधीच नाही.

खर्च आणि खटपट शाकाहारी बेतात कमी. मिश्र पंगतीला म्हणूनच मद्याचा अंश नसलेला शाकाहारी स्वयंपाक मला सर्वांत योग्य वाटतो. मांसाहाराचाच आग्रह असेल, तर मटण हलाल खाटकाकडून आणून वेगळ्या पातेल्यात शिजवावे आणि त्यातला डाव वरणात जाऊ देऊ नये.