७७,४९९ रुपयांना पडलेला अँटिव्हायरस

आधी आकडेच सांगतो. "कितला गयात भो?" म्हणजे किती गेले रे भाऊ, हे तीन आठवडे भर दुकानात ऐकतोय, आता लाजून उपयोग नाही. पहिले ४,९९९, मग ४८,५००, मग २४,०००. एकूण ७७,४९९. गिरणाकाठी माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि "ओटीपी कुणाला देऊ नका बरं का" असं गिऱ्हाइकांना बजावणारा मीच. हसायचं ते हसून घ्या.

मे महिना, कपाशीच्या बियाण्याचे दिवस. दिवसभर दुकान, रात्री घरच्या कॉम्प्युटरवर टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी. आठवडाभर टॅली उघडली की मशीन बसायचं. चक्र फिरतंय ते फिरतंय, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के. दुखणं काय होतं ते आता मला पाठ झालंय. दिवाळीत पोराने एक अँटिव्हायरस टाकून दिला होता. एप्रिलमध्ये मी तालुक्याहून दुसरा आणला, ८५० रुपयांचा, आणि पहिला न काढताच टाकला. एका खळ्यावर दोन राखणदार ठेवले तर बिघडलं कुठे, असा माझा हिशेब. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा आला की बाजूला होतो, पण बाहेरून आणलेले दोघं एकमेकांना जागा देत नाहीत. टॅलीने फाइल उघडली की दोघंही तीच तपासायला धावतात, आणि टॅली दारात ताटकळते.

हे तेव्हा कळलं असतं तर फुकटात सुटलं असतं. पोराला फोन केला असता, पण तो पुण्यात रात्रपाळीला, आणि "पप्पा, परत काय केलं?" ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून नेटवर त्या अँटिव्हायरसचा हेल्पलाइन नंबर शोधला. सगळ्यात वरचा नंबर फिरवला. वर होता कारण ती जाहिरात होती. 'प्रायोजित' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात का लिहितात, ते लिहिणाऱ्यांनाच विचारा. डब्यावर कंपनीचा खरा नंबर छापलेला होता. डबा टेबलावरच होता.

शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. गोड हिंदी, "सर जी, सर जी". त्याच्या सांगण्यावरून एक ॲप टाकलं आणि माझा माऊस त्याच्या हातात गेला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोज स्वतःच्या बारीकसारीक कुरबुरी लिहून ठेवतं ती वही. लाल फुल्या, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. "सर, एवढे हॅकर आत आहेत." मग काळ्या खिडकीत 'असोक' असं काहीतरी टाइप केलं, लांबलचक यादी सरसर गेली आणि शेवटी एक नंबर आला. म्हणाला, हा तुमच्या कॉम्प्युटरचा ओळख क्रमांक, आमच्याकडे नोंद आहे, मी वाचतो, तुम्ही पडताळा. ट्रिपल एट, डी, सी, ए, सिक्स, झीरो... मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर पडताळलं. सगळं जुळलं. माझा नंबर याच्याकडे आहे म्हणजे माणूस कंपनीचाच. तुम्ही असतात तर काय केलं असतं? तो नंबर प्रत्येक विंडोजमध्ये तोच असतो, तुमच्याही. आणि लाल फुल्या धडधाकट मशीनमध्येही असतातच.

४,९९९ भरायला त्याने त्याच मशीनवर नेट बँकिंग उघडायला लावलं. ८ वाजून ५२ मिनिटांनी पैसे गेले. मग स्क्रीन काळी. "स्कॅन चालू आहे, माऊसला हात लावू नका." कोड येईल म्हणाला, रजिस्ट्रेशनचा. चष्मा दुकानात राहिला होता, म्हणून फोन हिच्या हातात दिला.

हा क्षण मी रोज रात्री पुन्हा पाहतो. ही म्हणाली, "अहो, यात बँकेचं नाव आहे. अठ्ठेचाळीस हजार का काय लिहिलंय." आणि मी, वीस वर्षं दुकान चालवणारा माणूस, हिला म्हणालो, "तू फक्त आकडा वाच." तिने वाचला. मी तो फोनवर मोठ्याने सांगितला.

पैसे कापल्याचा मेसेज आला. तो म्हणाला, टेस्ट होती, उलटे येतील, त्यासाठी फोनवर हे दुसरं ॲप टाका. घाबरलेला माणूस काहीही टाकतो. मीही टाकलं. ते ॲप माझे मेसेज त्याच्याकडे पाठवत होतं. असं काही घडत असेल तर आधी वायफाय बंद करा, सिम काढून घ्या, बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून लावा. मी त्याच फोनवरून लावला.

आणि आता बँकेचं ऐका. टोल फ्रीला माझा फोन लागला ९ वाजून ३८ मिनिटांनी. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. संगीत. कर्जाची जाहिरात. परत संगीत. ९.५० ला २४,००० गेले, मी बँकेच्याच फोनवर असताना! १०.०४ ला माणूस बोलला आणि तक्रार नोंदली. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार. सोमवारी शाखेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पुढे केलं: ग्राहकाने स्वतः कोड दिला तर नुकसान ग्राहकाचं. बरोबर, ४८,५०० माझ्या बोकांडी, मान्य. पण त्याच परिपत्रकात पुढे आहे की बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ते वाक्य मी वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, कळवलं म्हणजे तक्रार नोंदली, ती १०.०४ ला. म्हणजे तुमचं संगीत ऐकत बसलो ते २६ मिनिटं मी काय भजनाला बसलो होतो का?

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर, शुक्रवारी रात्री चौथ्या प्रयत्नात लागला. तिथल्या बाईंनी व्यवस्थित नोंद घेतली, तेवढं खोटं बोलणार नाही. पण व्यवहार क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा. मी शोधेपर्यंत पुन्हा दहा मिनिटं गेली. ठाण्यात गेलो तर "तुम्हीच दिला ना कोड?" आणि जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर ऑनलाइन तक्रारीची प्रिंट आणा. आणली, तर त्यावर बँकेचा शिक्का नाही. पन्नास-साठ किलोमीटरची एसटी, ४४ डिग्री ऊन, तीन खेपा. ते भाडं ७७,४९९ मध्ये धरलेलं नाही.

तिसऱ्या खेपेला सीपीयू घेऊनच गेलो आणि जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका पोराकडे टाकला. त्याने आधी सगळा डेटा काढून घेऊन विंडोज नवीन टाकलं, कारण चोराचा हात लागलेल्या मशीनवर पासवर्ड बदलण्यात अर्थ नसतो. अँटिव्हायरस एकच. टॅली चटकन उघडली. तो म्हणाला, काका, दोन अँटिव्हायरसचं नुसतं भांडणच असतं तर सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करून, एक काढायचा, त्या कंपनीच्या साइटवरचं रिमूव्हल टूल चालवायचं, रीस्टार्ट. वीस मिनिटं. कोण भांडतंय ते कळत नसेल तर एमएस-कॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवायच्या, बाकीच्या बंद करायच्या आणि निम्म्या-निम्म्या चालू करत गुन्हेगार गाठायचा. ४०० रुपये घेतले त्याने.

परवा एक फोन आला: "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फाइल चार्ज २,९९९." फोन हिने घेतला. काय बोलली ते इथे लिहिता येत नाही.

बँकेला लेखी तक्रार दिलीय. तीस दिवस येत्या बुधवारी भरतात. गुरुवारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज जाणार, सोबत फोनच्या कॉल यादीची प्रत. ९.३८ पेनाने गोल करून ठेवलंय.