शाळेत आधी बाग की आधी फूलरचना?

इंदूरमधल्या एखाद्या शाळेनं नववी ते बारावीसाठी फुलांचा अभ्यासक्रम काढायचं ठरवलं की संस्थेच्या बैठकीत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, फूलरचना शिकवा: मंडीतून फुलं आणा, एक खोली द्या, गॅदरिंगपर्यंत मुलं व्यासपीठ सजवू लागतील. दुसऱ्याचं म्हणणं, आधी वाफे करा, रोपं तयार करा, फुलं आपल्याच आवारात येऊ द्या. माझा कौल बागेला आहे. पण काही शाळांनी तो मानू नये असंही मला वाटतं, तेही पुढे सांगते.

पैशांचं आधी. फूलरचनेला सुरुवातीचा खर्च खरोखरच कमी लागतो. बादल्या, धारदार कात्र्या, सुया, दोरा, पिनहोल्डर (देठ टोचून उभे ठेवायची खिळ्यांची जड बैठक), थोडी लोखंडी जाळी, झालं. पण फुलं दर आठवड्याला विकत घ्यावी लागतात, आणि गणपती, दसरा, लगीनसराई या ज्या दिवसांत मुलांना हुरूप असतो त्याच दिवसांत मंडीतले भाव चढलेले असतात. बागेत पहिल्या वर्षी शेडनेट, ठिबक, अवजारं यांत पैसा जातो. पुढे मात्र बी, कंद आणि थोडी डागडुजी एवढाच खर्च राहतो.

शिकण्याच्या बाबतीत बाग फार पुढे आहे. झेंडूच घ्या. जूनच्या अखेरीस बी टाकलं, महिन्याभरात रोपं लावली, तर दसऱ्याच्या सुमारास फुलं हाती येतात. मालव्याची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून सपाट वाफे चालत नाहीत, गादीवाफेच हवेत. लावणीनंतर साधारण महिन्यानं शेंडे खुडायचे असतात. मुलं इथे हमखास कचरतात. जोमानं वाढणाऱ्या रोपाचा शेंडा मोडायचा त्यांना धीर होत नाही. थोड्याच दिवसांत खालच्या पेरांतून फांद्या फुटताना दिसल्या की पुस्तकातलं अग्रप्रभावाचं, म्हणजे शेंडा खालच्या कळ्यांची वाढ रोखून धरतो याचं, पान वेगळं शिकवावं लागत नाही. शेवंती तर याहून चांगली शिक्षिका. ती रात्र लांबली की कळ्या धरते. चार कुंड्या रात्रभर दिवा जळणाऱ्या व्हरांड्यात आणि चार अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दिव्याखालच्या कुंड्या मागे पडतात, आणि का पडल्या हे मुलं स्वतःहून विचारतात.

याचा अर्थ फूलरचना हलकी आहे असा नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या हायस्कूलमध्ये तिचे गुण ललितकलेचे म्हणून धरले जातात, आणि ते योग्यच आहे. प्रमाण, तोल, रंगाचं भान, वेळेत काम उरकणं आणि केलेल्या कामाची किंमत लावणं या गोष्टी वाफ्यात शिकता येत नाहीत. माझा आग्रह एवढाच की शाळेनं फक्त गुलदस्त्यांवर थांबू नये. वेणी, गजरा, मुंडावळ्या, दाराचं तोरण, गौरींची आरास ही आपल्या घरांतली फूलरचना आहे. केळीच्या सोपटाचा धागा भिजवून त्यात शेवंती गुंफणारी एखादी आजी अजून इंदूरच्या रामबागेत किंवा राजेंद्रनगरात सापडेल. तिला मान देऊन, मानधन देऊन वर्गात बोलवा. आणि देठ खोचायला मिळतो तो हिरवा फोम विकत घेऊ नका. तो फेनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असतो, कुजत नाही, त्याचा बारीक चुरा पाण्यात मिसळत राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. पिनहोल्डर आणि जाळीवर काम भागतं. शिवाय ती दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात.

खरी अडचण मे महिन्याची आहे, आणि बागेचे बरेच बेत तिथेच कोलमडतात. सुट्टी लागते, पारा चाळिशीपार जातो, माळी गावी जातो. फूलरचनेच्या खोलीला कुलूप लावून निघता येतं, बागेला नाही. त्यात इंदूरचं नळाचं पाणी म्हणजे नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वर चढवून आणलेली नर्मदा. ती वाफ्यांत ओतायला मन धजत नाही, धजूही नये. उपाय आहे, पण तो वर्षाच्या आखणीतच बसवावा लागतो. एप्रिलअखेर वाफे रिकामे करायचे, माती ओलवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरायचं आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. उन्हानं मातीतले बरेच रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मग पाणी लागतं ते शेडनेटखालच्या मोजक्या मातृरोपांना, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपं करायची त्यांना. तेवढ्यासाठी एक जबाबदार माणूस पगारावर हवाच. मुलांच्या पाळ्या लावून हे भागत नाही.

खताबद्दल मात्र इंदूरच्या शाळेला कुठे बाहेर पाहायची गरज नाही. १९२४ मध्ये ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू केली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, ठरावीक वेळी उलथून तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. फूलरचनेच्या वर्गातला कचरा आणि जवळच्या देवळातलं निर्माल्य, दोरा, जरी आणि प्लॅस्टिक निवडून काढल्यावर याच ढिगात जाऊ शकतं.

फवारणीबाबत दोन्हीकडे एकच नियम पाळावा. मुलांच्या हातात कीटकनाशक द्यायचं नाही. बागेत पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी तेल पुरेसं होतं, तेल फवारायचं ते शिक्षकांनी किंवा माळ्यानं. मंडीतल्या फुलांवर औषधाचा अंश असू शकतो, म्हणून फूलरचनेच्या तासाला हातमोजे घालायचे आणि नंतर हात धुवायचे.

गुणपत्रिकेचा प्रश्न पालक विचारणारच. सीबीएसईच्या कौशल्य विषयांत अकरावी-बारावीला हॉर्टिकल्चर आहे, क्रमांक ८१६. व्यवसाय शिक्षणाची पुस्तकं तयार करणारी एनसीईआरटीची संस्था तर भोपाळलाच आहे. विषय गुणपत्रिकेवर यायचा असेल तर बागेच्या बाजूनं जाणं सोपं.

ज्या शाळेकडे फक्त सिमेंटचं अंगण आहे, किंवा मे महिन्यात पाणी घालायला माणूस ठेवण्याची तयारी नाही, तिनं सरळ फूलरचना घ्यावी आणि ती नीट शिकवावी. देठ पाण्याखाली तिरके कापणं, पाण्याखाली येणारी पानं काढणं, ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवले की शेंडे वर वळतात म्हणून उभेच ठेवणं, इथपासून सुरुवात करावी. जिच्याकडे वर्गाच्या दोन खोल्यांएवढी उघडी, दिवसभर उन्हाची जमीन आहे, तिनं पहिलं वर्ष बागेला द्यावं आणि दसऱ्याला स्वतःच्या झेंडूपासून फूलरचना सुरू करावी. मुलींना हार आणि मुलांना कुदळ अशी वाटणी मात्र पहिल्या दिवसापासून होऊ देऊ नये.