जुन्या पिकअपला नवं टँक युनिट: उन्हाळा, पावसाळा काढल्यावर

पाडव्यानंतर बसवलेलं टँक युनिट (टाकीत बसून डिझेल किती आहे ते डॅशबोर्डच्या काट्याला कळवणारा भाग) आता गुऱ्हाळं पेटली तरी व्यवस्थित चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. वस्तू पैसे वसूल आहे. पण खोक्यातून काढली आणि टाकीत सोडली, असं करणार असाल तर घेऊ नका. तिचं सगळं कसब बसवण्यात आहे.

गाडी जुनी डिझेल पिकअप, साध्या यांत्रिक पंपाची, टाकी ६० लिटरच्या आसपास. हंगामात गुऱ्हाळांवरून गुळाच्या ढेपा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आणि बाकी वर्षभर भाजी भरून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवली. या धंद्यात डिझेलचा काटा खोटं बोलायला लागला की दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे टाकी कायम फुल ठेवून धंद्याचे पैसे टाकीत अडकवून ठेवायचे. दुसरा म्हणजे ट्रिप मीटर शून्य करून ॲव्हरेजवर हिशेब मांडायचा. दुसरा बरा, पण माल भरून घाट चढताना आणि रिकामी गाडी हायवेला पळवताना ॲव्हरेज एकच कसं धरणार?

शिवाय जुनी डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा हातपंप मारत, ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून फेस जाऊन सलग धार येईपर्यंत रस्त्याकडेला बसावं लागतं. आणि टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ फिल्टरमध्ये येतो तो वेगळाच.

आमच्या काट्याची तऱ्हा अशी होती: अर्ध्यापर्यंत बरा, मग एकदम ई (रिकामी) वर आपटायचा, खड्डा लागला की परत वर यायचा. रात्री हेडलाइट लावले की थोडा आणखी खाली. एका गॅरेजने अख्खा मीटर बदला म्हणून सांगितलं. मी थांबलो आणि उद्यमनगरातल्या एका वायरमनकडे गाडी नेली. त्याने पाना हातात घेतलाच नाही. चावी ऑन केली, उजवा इंडिकेटर लावला आणि म्हणाला, "काट्याकडं बघा मालक." इंडिकेटरच्या प्रत्येक टकटकीला काटा केसभर खाली जात होता आणि परत येत होता. "मीटरला काय बी झालं न्हाई. अर्थिंग गेलंय मागं."

कारण सरळ आहे. टाकी रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, पट्टे रंगवलेले असतात, त्यामुळे तिला चासीशी जोडणारी अर्थची वायर वेगळी लागते. आमच्या गाडीत मागच्या दिव्यांची अर्थही त्याच बोल्टला होती. बोल्ट गंजला की दिव्यांचा करंट आणि युनिटचा करंट एकाच खराब जोडातून वाट काढतात आणि काटा दिव्यांच्या तालावर नाचतो. त्या वायरीच्या टोकाचा लग काढला तेव्हा खाली हिरवट भुकटी आणि गंजाची पापडी होती. घासून, नवा लग दाबून, बोल्टखालचा रंग खरवडून वर ग्रीस लावलं. निम्मा आजार तिथेच गेला. खर्च म्हणाल तर चहापाण्याचा.

मीटर खरंच चांगला आहे का हे बघायची युक्तीही त्यानेच दाखवली. युनिटची वायर काढा, काटा एका टोकाला जातो. तीच वायर क्षणभर बॉडीला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला. दोन्ही टोकं गाठली तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीत. क्षणभरच टेकवा, कारण जुन्या तापणाऱ्या पट्टीच्या मीटरला हे फार वेळ सोसत नाही. आणखी एक: डिझेल आणि टेंपरेचर असे दोन्ही काटे एकदम चुकत असतील तर टाकी उघडण्याआधी मीटरमागचा स्टॅबिलायझर, म्हणजे काट्यांना एकसारखं व्होल्टेज देणारा भाग, तपासा.

अर्थिंगनंतर काटा नाचायचा थांबला, पण अर्ध्यावरून आपटायचा थांबला नाही. टाकी उतरवली. इथे एक सांगतो, कारण "डिझेल पेटत नाही" म्हणत विडी ओढत काम करणारे मी बघितलेत. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला असतो आणि एप्रिलच्या दुपारी कोल्हापूरची हवाच त्याच्या वर जाते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच टाकीवरच्या युनिटच्या चकतीला हात लावा.

जुनं युनिट बाहेर आल्यावर सगळा उलगडा झाला. डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटच्या दांड्यासोबत एक पितळी जीभ बारीक तार गुंडाळलेल्या पट्टीवरून सरकते, त्यावर ओहम (विजेचा अडथळा) बदलतात आणि काटा हलतो. आमची गाडी बहुतेक वेळ निम्म्या टाकीवरच फिरते, म्हणून पट्टी बरोबर मध्यावर झिजून तिथे खाच पडली होती. जीभ तिथे आली की संपर्क तुटायचा. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत डिझेल नव्हतं. असतं तर तो बुडून काटा कायम ई वर बसला असता.

आता खरेदी. कंपनीचा पार्ट मागवून यायला वेळ लागत होता, म्हणून स्थानिक बनावटीचं घेतलं, किंमत निम्म्याहून कमी. काउंटरवर दुकानदार म्हणाला, "चालतंय की! समद्या पिकअपला ह्योच बसतोय." बसतं खरंच. पाच स्क्रूची चकती, भोकं विषम अंतरावर, त्यामुळे उलटं बसवायची सोयच नाही. पण बसणं आणि जुळणं वेगळं. मी मल्टीमीटर सोबत नेला होता. आमच्या जुन्या युनिटला फ्लोट वर असताना तीन-चार ओहम आणि खाली ११० च्या आसपास येत होते. दुकानदाराने दिलेलं पहिलं युनिट बरोबर उलटं निघालं: खाली १०, वर १८०. युरोपियन धाटणीच्या मीटरला हेच लागतं, अमेरिकन धाटणीला रिकाम्यावर २४० आणि भरल्यावर ३३. ते आमच्या गाडीत टाकलं असतं तर टाकी रिकामी होताना काटा फुलकडे चढला असता! दुसरं युनिट मिळालं ते वर ५, खाली १४०. दिशा बरोबर, शेपूट लांब. तेच घेतलं.

लांब शेपटीचा अर्थ असा की आमचा मीटर ११० च्या आसपासच ई धरतो, म्हणून फ्लोट तळाला जायच्या आधीच काटा ई गाठतो. मिस्त्री दांडा वाकवायला निघाला होता, मी नको म्हटलं. दांडा वाकवून पल्ला लांब-आखूड होत नाही, अख्खा पल्ला वर-खाली सरकतो. ई बरोबर केला की एफ (फुल) बिघडतो. त्यापेक्षा काटा लवकर ई दाखवतो ते घाटवाल्याच्या फायद्याचंच.

सोबत आलेलं चकतीखालचं गॅस्केट फेकून द्या. पातळ होतं आणि चौथ्या स्क्रूजवळ कापलेलं. डिझेलला टिकणारं नायट्राइल रबराचं वेगळं घेतलं. साधं सिलिकॉन फासू नका, डिझेलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे टाकीत पडतात.

बसवल्यावर सपाट जागेवर गाडी लावली, रिकाम्या टाकीत कॅनने पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी काटा स्थिरावू देऊन मीटरच्या काचेवर चिकटवलेल्या पट्टीवर खूण केली. पहिल्या पाच लिटरला काटा हलला नाही. दहाला ई च्या रेघेवरून जेमतेम सुटला. तीस लिटर, म्हणजे निम्मी टाकी, तेव्हा काटा अर्ध्याच्या एक जाड रेघ खाली. वरच्या दहा लिटरला तो जवळजवळ एफ वरच चिकटून असतो. ही पट्टी म्हणजे माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात किमती भाग, आणि तिला पैसे लागत नाहीत.

गेल्या काही महिन्यांत काटा एकदाही आपटला नाही. पट्टीवरून काढलेलं डिझेल आणि पंपावर फुल करताना लागलेलं डिझेल यात दोन-तीन लिटरचा फरक पडतो, तेवढा मी सोडून देतो. घाटात मात्र वाचन धरू नका. माझ्या टाकीत युनिट पुढच्या अंगाला आहे. चढावर डिझेल मागे जातं, काटा कमी दाखवतो. करूळ उतरताना तोच काटा शहाण्यासारखा भरपूर दाखवतो आणि उतरणीवरचा हा दिलासा भाबडा असतो. वैभववाडीत सपाटीला आल्यावर बघायचं. आमच्या ड्रायव्हरला हे पटायला एक फेरी लागली, आता तोच नव्या पोरांना सांगतो.

गगनबावड्याचा पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त, त्यात गाडी भिजते नाही तर पोहते. दसऱ्याला गाडी धुताना अर्थचा बोल्ट उघडून बघितला, ग्रीस होतं म्हणून स्वच्छ होता. युनिटच्या वरच्या टर्मिनलवर मात्र गंजाची सुरुवात दिसली. पत्र्याचा मुलामा पातळ आहे, ही या वस्तूची खरी तक्रार. रबरी टोपी दिली असती तर चार आणे जास्त मोजले असते.

ज्यांच्या मीटरमध्ये काट्याऐवजी डिजिटल दांड्या आहेत किंवा डिझेलचा हिशेब कंप्युटर ठेवतो, त्यांनी हे घेऊ नये, कंपनीचाच पार्ट मागवावा. काट्याची जुनी पिकअप असेल तर घ्या, पण मल्टीमीटर घेऊन दुकानात जा. जुनं युनिट टाकीतून काढून, मोजून, आकडे कागदावर लिहूनच काउंटरवर उभे राहा. आणि त्याच्याही आधी इंडिकेटर लावून काट्याकडे बघा, कदाचित दुकानात जायची गरजच पडणार नाही.